आरोपीचा मित्र

कायद्यात अशी एक जागा असते: आरोपीचा मित्र.
वकील नव्हे, साक्षीदार नव्हे.
शेजारच्या खुर्चीवर बसायचं, कागद पुढे सरकवायचे,
तहान लागलीय का विचारायचं.
बावीस वर्षं पलटणीच्या हापिसात टाइपरायटर बडवलेला मी,
गमरे क्लार्क, राहणार जालगाव, तालुका दापोली,
मला ती जागा मिळाली
नायक पद्माकर चोगले याच्या शेजारी.

हर्णैच्या बंदरावर त्याचा निकाल आधीच लागला होता.
दोनदा लागला होता.
जेटीच्या तोंडाशी फ्लेक्स: आमचा वाघ, आमचा अभिमान.
पाठीमागे कुणाचा तरी रणगाडा चिकटवलेला.
आणि समोरच्या टपरीवर पेपराची घडी घालत
एक निवृत्त मास्तर:
हात बांधलेल्याला मारतात, ते कसले शिपाई!
दोघांनीही आरोपपत्र वाचलं नव्हतं.

मी वाचलं होतं. साडेतीन पानं.
लढाईची अकरावी रात्र. ताब्यातला एक अनोळखी पुरुष,
वय अंदाजे चाळीस, पहाटे मृत आढळला.
पहारा: वरील आरोपी.
पहाऱ्यावर आणखी कोण होतं
त्या रकान्यात एक तिरकी रेघ.

अशा रेघा मी आयुष्यभर मारल्या.
मला ठाऊक आहे एका रेघेखाली किती मावतं.
एक कॅप्टन मावतो,
वेळेवर न पोचलेला औषधांचा ट्रक मावतो,
हाडं गोठवणारी अख्खी रात्र मावते.
आणि हेही मावतं, झोपताना मी स्वतःला बजावतो,
की त्यानंच केलं असेल.

त्याच्या आईला भेटायला गेलो तेव्हा लिलाव ऐन भरात.
पोटाला पाणी लागलेले बैल
गाड्या ओढत होड्यांकडून परतत होते.
चांगुणाबाई व्यापाऱ्याच्या अंगावर धावून गेलेली:
"पानी निथलू दे पयले, मंग काटा लाव!"
आपल्याच पाटीचं वजन कमी भरणार, तरी.
मग हात लुगड्याला पुसून मला म्हणाली, वाच.
बर्फाच्या पेटीवर बसून मी वाचलं,
इंग्रजीचं मराठी करत, अडखळत.
ती रडली नाही. एवढंच विचारलं,
"त्या मेलेल्याचं नाव का न्हाय लिवलं?"
अनोळखी होता, मी म्हटलं.
"कुनाला अनोळखी?"

पद्माकरला कोठडीत भेटलो.
फ्लेक्सचं कळलं होतं त्याला. म्हणाला, उतरवा तो.
हार घातलेल्याला कोण विचारतं काय घडलं?
ओरडून विचारलं सगळ्यांनी, पाठ थोपटून विचारलं,
साधं कुणी विचारलं नाही अजून.
मी साधं विचारलं.
बराच वेळ तो नखाखालची घाण काढत राहिला,
मग बोलला.
काय बोलला ते इथे लिहिणार नाही.
ते कोर्टापुढचं आहे, टपरीवरचं नाही,
कवितेतलं तर नाहीच.

परतल्यावर दोन अर्ज टाइप केले.
एक: त्या रात्रीची पहाऱ्याची वही हजर करावी.
दोन: मयताचं नाव, गाव, वारस शोधावेत,
कुणी असेल तर त्याचंही ऐकावं.
दुसरा वाचून बचावाचा तरुण अधिकारी चमकला.
गमरेसाहेब, तुम्ही नक्की कुणाचे मित्र?
मला उत्तर सुचलं नाही.
अर्जावर तारीख घातली, पोच घेतली.

फ्लेक्स आता चांगुणाबाईच्या पेटीवर आहे, उलटा,
बर्फ लवकर वितळू नये म्हणून.
मास्तर हल्ली माझ्याशी बोलत नाहीत.
फ्लेक्सवाली पोरंही नाहीत.

सुनावणी सोमवारी. दापोलीहून पहाटेची एसटी.
पिशवीत साडेतीन पानं, दोन पोचपावत्या,
आणि पद्माकरसाठी तिनं बांधून दिलेले सुके बोंबील.
कागदांना वास लागेल, मी म्हटलं.
लागू दे, म्हणाली.